चारशे अकरा एकरांचं अंगण

माझं बी.ए.चं पदवी प्रमाणपत्र कपाटात, लग्नातल्या शालूच्या खाली, एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं आहे. त्यावर ठळक अक्षरांत ‘पुणे विद्यापीठ’ असं छापलंय. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात तीन वर्षं शिकले, परीक्षा दिल्या, निकालाच्या दिवशी नोटीस बोर्डासमोर ढकलाढकली करून आपला नंबर शोधला आणि पदवीधर झाले. पण गंमत बघा, ज्या विद्यापीठाची पदवीधर म्हणून मी मिरवते, ते विद्यापीठ मी वीस-बावीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं! पदवीदान समारंभाला वर्गातली दोन-तीन मुलं पुण्याला जाऊन आली. आम्हा मुलींपैकी कुणीच गेलं नाही. कुणाचं लग्न ठरलं होतं, कुणाचं झालं होतं, आणि उरलेल्यांना घरून ‘कागद काय, कॉलेजातून पण मिळतो’ असं उत्तर मिळालं होतं. मैत्रिणींनो, तुमच्यापैकीही कितीजणींचं असंच असेल, नाही का?

तर हे विद्यापीठ मला दिसलं ते माझ्या शिक्षणामुळे नाही, तर आमच्या बचत गटातल्या एका वहिनींमुळे.

या वहिनींची मुलगी गेल्या वर्षी पदवीधर झाली. भूगोल हा तिचा आवडता विषय. आमच्या भागात उन्हाळ्यात टँकर येतो, आणि ‘शेजारच्या गावात पाणी आहे, मग आपल्याच गावात का नाही?’ हा प्रश्न तिला शाळेपासून पडलेला. जमिनीचा उतार, खडक, नकाशे, उपग्रहाची चित्रं यात पोरगी रमून जाते. तिने पुण्याची प्रवेश परीक्षा दिली आणि भूगोलाच्या एम.ए.च्या यादीत तिचं नाव लागलं. झालं! घरात एकदम शांतता. आजी म्हणाली, “शिकली तेवढी पुरे, आता स्थळं बघा.” वडील तसे समंजस, पण तेही धास्तावले. “एवढ्या मोठ्या ठिकाणी पोरगी हरवून जाईल,” हे त्यांचं पालुपद. वहिनी माझ्याकडे आल्या. मी त्यांच्या घरी गेले, चहा झाला, पुन्हा तेच बोलणं. शेवटी भाऊ म्हणाले, “ताई, मला काही कळत नाही त्यातलं. तिच्या आईनंच एकदा जागा बघून यावी. तिला पटलं तर माझी ना नाही.”

म्हणजे निर्णय कुणावर आला? सातवीत शाळा सुटलेल्या आणि आयुष्यात दोनदाच पुणं पाहिलेल्या बाईवर. एकदा सासऱ्यांच्या दवाखान्यासाठी आणि एकदा आळंदीला जाताना. वहिनी मला म्हणाल्या, “ताई, मला काय कळणार कालेज? तुम्ही चला बरोबर.” आणि आम्ही तिघी निघालो.

पहाटेच्या एस.टी.ने वाकडेवाडीला उतरलो. तिथून रिक्षा. गणेशखिंड रस्त्यावर मेट्रोचे खांब, गाड्यांचा गोंगाट, हॉर्न. वहिनींनी पदर नाकाला लावलेला आणि दुसऱ्या हाताने मुलीचं मनगट धरलेलं. मला वाटलं, आता या इथूनच परत फिरतात. पण विद्यापीठाच्या फाटकातून आत गेलो आणि पाच मिनिटांत आवाज मागे पडला. दोन्ही बाजूंना झाडी, मधून रुंद रस्ता, सायकलवरून जाणारी मुलं, पाठीवर सॅक अडकवलेल्या मुली. वहिनींनी पदर खाली घेतला. लेकीचा हात मात्र सोडला नाही.

थोडं चालल्यावर त्यांनी विचारलं, “ताई, एवढं रान कुणाच्या मालकीचं?”

मी म्हटलं, “सरकारनं विद्यापीठाला दिलंय. चारशे अकरा एकर आहे म्हणे.”

“चारशे अकरा!” वहिनी थांबल्याच. त्यांची स्वतःची शेती तीन एकर, तीही दोन तुकड्यांत. “आणि सरकारनं दिलं म्हंजे आपलंच की मग!”

त्या हसत बोलल्या, पण मला ते वाक्य दिवसभर पुरलं.

खरंच, ही जागा आपली कशी झाली, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. विद्यापीठाची जी मुख्य इमारत आपण वर्तमानपत्रातल्या फोटोत पाहतो, ती उंच मनोऱ्याची, कमानींची दगडी इमारत, ती मुळात शिक्षणासाठी बांधलेलीच नाही. मुंबई इलाख्याच्या इंग्रज गव्हर्नराचा तो पावसाळ्यातला बंगला. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याच्या काळात, १८६४ साली काम सुरू झालं आणि १८७१ साली पूर्ण झालं. जेम्स ट्रबशॉ नावाच्या वास्तुविशारदाने आराखडा केला. खर्च इतका झाला, की खुद्द इंग्रजांनीच त्यावर टीका केली. तेव्हा या आवारात आपल्यासारख्या बायकांना प्रवेश मिळाला असेल, तर तो फार तर झाडलोटीसाठी!

याच बंगल्यात २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी झाली. त्या वर्षी पुण्यात प्लेगने थैमान घातलं होतं. रोगी शोधायला गोरे सोल्जर घराघरांत, थेट माजघरापर्यंत घुसत होते. त्या बंदोबस्ताचा प्रमुख अधिकारी रँड. मेजवानी आटोपून तो परत निघाला असताना याच गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. आपण सगळ्यांनी हे शाळेत वाचलेलं आहे. पण त्याच वर्षी, त्याच प्लेगमध्ये, जेमतेम साडेतीन महिने आधी आणखी एक घटना घडली होती. तिचा धडा मात्र आमच्या लहानपणी नव्हता. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. डॉक्टर असलेल्या यशवंत या मुलाबरोबर त्या प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणताना त्यांनाही लागण झाली आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

आता बघा. शहरात माणसं मरत असताना ज्या बंगल्यात मेजवानी झडली, त्याच बंगल्यावर आज त्या रोग्यांसाठी जीव दिलेल्या बाईचं नाव आहे. १० फेब्रुवारी १९४९ ला पुणे विद्यापीठ स्थापन झालं. बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. त्या वेळचे मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या सरकारने पुढाकार घेतला आणि गव्हर्नराचा बंगला आवारासकट विद्यापीठाच्या हाती आला. २०१४ साली विद्यापीठाचं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, आणि २०२२ मध्ये मुख्य इमारतीच्या परिसरात सावित्रीबाईंचा पुतळा उभा राहिला.

आम्ही त्या पुतळ्याजवळ गेलो. वहिनींनी चपला काढल्या. मी म्हटलं, “अहो, हे देऊळ नाही.” त्या म्हणाल्या, “नसू दे.” मग मीही काढल्या. मुलगी आमच्याकडे बघून हसत होती. तिने मोबाइलवर आमचा दोघींचा फोटो काढला. वहिनी फोटोत नेहमी घाबरल्यासारख्या दिसतात. या फोटोत नाही दिसत.

पुढे जयकर ग्रंथालय लागलं. विद्यापीठाच्या मुलांची ही खरी पंढरी. बाहेर कट्ट्यावर डबे खाणारी, झाडाखाली बसून एकमेकांना प्रश्न विचारणारी, नाहीतर नुसतीच मान खाली घालून वाचणारी मुलंमुली. एक मुलगी पायऱ्यांवर एकटीच डबा खात होती. वहिनी सरळ तिच्याशेजारी जाऊन बसल्या. गावाकडच्या बायकांना हे बरं जमतं! “काय गं, कुठली तू?” अशी सुरुवात झाली. मुलगी बीड जिल्ह्यातली. आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जातात. हिने आश्रमशाळेत शिकून बारावी केली, मग पदवी, आणि आता राज्यशास्त्रात एम.ए. करतेय. जोडीला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. ‘कमवा आणि शिका’ योजनेत रोज काही तास काम करते, त्यातून वरखर्च निघतो.

“भ्या नाही वाटत का?” वहिनींनी विचारलं.

ती मुलगी मोकळेपणाने बोलली. “पहिला महिनाभर रोज रडायचे, काकू. वर्गात इंग्रजी बोलणाऱ्या मुली बघून वाटायचं आपण चुकून आलोय. फोनवर आईला मात्र ‘मजेत आहे’ सांगायचे. मग एक दिवस मॅडमनी माझा पेपर वर्गात वाचून दाखवला. मराठीत लिहिलेला. त्या दिवसापासून रडणं बंद झालं.”

मला तिचा प्रामाणिकपणा आवडला. सगळं छान छान आहे असं सांगितलं असतं, तर वहिनींचा विश्वास बसला नसता. तिने पुढेही खरंच सांगितलं. पुणं महाग आहे. आजारी पडलं की घरची फार आठवण येते. स्पर्धा परीक्षेच्या नादात काही मुलंमुली वर्षामागून वर्षं घालवतात, एम.ए. बाजूला राहतं आणि घरी परत जायची लाज वाटते. “म्हणून मी आधीच ठरवलंय,” ती म्हणाली, “दोन वेळा परीक्षा देणार. नाही जमलं तर पुढे शिकवायचं काम बघणार. वाट दुसरीही पाहिजे.”

एवढ्याशा पोरीचं हे शहाणपण! वहिनींनी आपल्या पिशवीतून बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली आणि अर्धी भाकरी तिच्या डब्यात ठेवली. मग तिथेच आमची पंगत बसली. थोड्या वेळाने तिच्या दोन मैत्रिणी आल्या. एक नंदुरबारची, रसायनशास्त्र शिकणारी. तिच्या घरी मराठी नाही, भिली बोलतात. दुसरी चक्क परदेशी, आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशातली. ती चटणी तोंडात घालून “तिखट, तिखट!” असं स्वच्छ मराठीत ओरडली आणि आम्ही सगळ्याच हसलो. वहिनींनी तिला खूण करून विचारलं, आई कुठे? तिने आकाशाकडे बोट दाखवून विमानाची खूण केली, दूर, खूप दूर. वहिनी काही वेळ गप्प झाल्या. मग माझ्या कानात म्हणाल्या, “हिच्या आईनं कसं पाठवलं असंल ताई? आपलं तर एका एस.टी.चं अंतर.”

दुपारी भूगोल विभाग पाहिला. भिंतीवर मोठाले नकाशे. मुलगी त्यातल्या एका नकाशासमोर उभी राहिली आणि बोट फिरवत फिरवत आमच्या नदीवर आली. “आई, हे बघ, आपलं गाव इथे कुठेतरी.” नकाशावर गावाचं नाव नव्हतं. तरी वहिनी बराच वेळ तिथे टक लावून बघत होत्या.

मग मुलींच्या वसतिगृहाकडे गेलो. बाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींना वहिनींनी जे प्रश्न विचारले, ते कुठल्याही माहितीपत्रकात नसतात. प्यायला पाणी कुठलं? बाथरूमची कडी नीट लागते का? रात्री लाइट गेली तर? रात्री ताप आला तर कुणाला हाक मारायची? मेसच्या पोळ्या कच्च्या असतात का? मुलींनी हसत हसत, पण नीट उत्तरं दिली. वहिनी मनात टिपून घेत होत्या. मी मनात म्हटलं, या बाईला ‘मला काय कळतं’ असं कुणी शिकवलं?

परत फिरताना मुलीने एका फाटकाकडे बोट दाखवलं. “काकू, मी आठवीत असताना इथे आले होते.” ते ‘आयुका’, म्हणजे खगोलशास्त्राचं मोठं संशोधन केंद्र. विद्यापीठाच्या आवारातच आहे, पण कारभार वेगळा. १९८८ मध्ये ते सुरू झालं आणि डॉ. जयंत नारळीकर त्याचे पहिले संचालक. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले, तेव्हा आपल्या सगळ्यांच्याच घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. चार्ल्स कोरिया या नामवंत वास्तुविशारदाने ‘आयुका’ची रचना केली आहे. अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत, आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवणारा एक लंबक आहे. एरवी आत जायला परवानगी लागते, पण २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी सगळ्यांसाठी दारं उघडतात. आमच्या गावच्या शाळेची सहल तेव्हाच आली होती. “तो लंबक बघून मला वाटलं, हे आपल्याला पण समजतंय की,” मुलगी सांगत होती. म्हणजे घरात चर्चा आता सुरू झाली असली, तरी पोरीचं ठरलं होतं आठवीतच!

नारळीकरांचं नाव निघालं की मला त्यांच्या पत्नी डॉ. मंगला नारळीकर आठवतात. त्या स्वतः गणितज्ञ. लग्न १९६६ मध्ये झालं, परदेशात संसार झाला, मुली झाल्या, घरातल्या मोठ्यांचं करणं झालं, आणि हे सगळं सांभाळत १९८१ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे काही वर्षं याच पुणे विद्यापीठाच्या गणित विभागात शिकवलं. मुलांना गणिताची भीती वाटू नये म्हणून सोप्या मराठीत लिहिलं. २०२३ मध्ये त्या गेल्या. ‘आता या वयात कुठे’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यांची ही तारखांची रांग एकदा नीट बघावी. लग्न आणि पीएच.डी. यात पंधरा वर्षांचं अंतर आहे.

विद्यापीठात आणखी एक जागा बाहेरून पाहिली, ती स्त्री अभ्यास केंद्राची. १९८७ मध्ये हे केंद्र सुरू झालं. विद्युत भागवत यांनी ते उभं केलं, पुढे शर्मिला रेगे यांनी ते सांभाळलं, वाढवलं. २०१३ मध्ये रेगे अकाली गेल्या. बायकांचं जगणं हासुद्धा अभ्यासाचा विषय असतो, त्यावर पुस्तकं, परीक्षा, संशोधन असतं, हे सांगितल्यावर वहिनी म्हणाल्या, “मग मला विचारा म्हणावं. लई सांगंन.” विनोद बाजूला ठेवला, तरी तिथल्या अभ्यासाचा खरा कच्चा माल आपल्यासारख्या घरांतूनच जातो. मग तो अभ्यासायला आपल्याच मुली का जाऊ नयेत?

परतीच्या एस.टी.त मी विचार करत होते. आपल्या महाराष्ट्राने विद्यापीठांना बायकांची नावं द्यायला हात आखडता घेतलेला नाही. पुण्याला सावित्रीबाईंचं नाव, जळगावला बहिणाबाई चौधरींचं, सोलापूरला अहिल्यादेवींचं. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेलं महिला विद्यापीठ नाथीबाई ठाकरसींच्या नावाने ओळखलं जातं. यातल्या बहिणाबाईंना तर लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि आज त्यांच्या नावाच्या प्रमाणपत्रावर मुलं पदवीधर होतात. अभिमानाची गोष्ट आहे ही! पण फाटकावर बाईचं नाव लिहायचं आणि घरातल्या बाईला फाटकापर्यंतसुद्धा जाऊ द्यायचं नाही, हे कसं जुळवायचं? माझ्या घरच्यांनी मला अडवलं, असं मी म्हणणार नाही. कुणी अडवलंच नाही. कुणी नेलं नाही, एवढंच. आणि मीही कधी ‘मला बघायचंय’ असं म्हटलं नाही.

म्हणून मैत्रिणींनो, माझं सांगणं साधं आहे. मुलीला मोठ्या विद्यापीठात पाठवायचं की नाही, हा तुमच्या घरचा निर्णय. पण जागा न बघता ‘नाही’ म्हणू नका. आणि बघायला जाल तेव्हा घरातल्या पुरुषांबरोबर स्वतःही जा, कारण कडी लागते का हे आपणच विचारतो. पुण्यातली, मुंबईतली, संभाजीनगरची, कोल्हापूरची, नागपूरची ही सरकारी विद्यापीठं आपल्या करातून चालतात. तिथे कुणाच्या ओळखीवर जायचं नसतं.

जाताना चार गोष्टी मात्र वहीत लिहून न्या. वसतिगृह मिळेलच असं धरून चालू नका. जागा थोड्या असतात आणि मागणारे खूप, तेव्हा अर्ज कधी करायचा आणि यादी कधी लागते हे आधी विचारा. ‘कमवा आणि शिका’ योजना आणि शिष्यवृत्त्या यांची चौकशी विभागातच करा, मधल्या माणसाला पैसे देऊ नका. मुलींच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समिती असावी लागते, त्यातल्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर मुलीला पहिल्याच दिवशी लिहून घ्यायला सांगा. रॅगिंगविरुद्ध आपल्या राज्यात १९९९ पासून कायदा आहे, हेही तिला माहीत असू द्या. आणि पुणं फारच लांब वाटत असेल, तर नाशिक आणि अहिल्यानगर इथे याच विद्यापीठाची उपकेंद्रं आहेत, तिथेही विचारून बघा. घर सोडणं शक्यच नसेल त्यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहेच.

आता तुम्ही विचाराल, पुढे काय झालं?

आम्ही रात्री नऊला गावात पोचलो. भाऊ ओट्यावर वाट बघत बसले होते. आजीही जागी. वहिनींनी हातपाय धुतले, पाणी प्यायल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, “जागा बघितली. पोरी बघितल्या. आपल्यासारख्याच घरच्या आहेत. एक तर समुद्रापलीकडून आलीय. आपली हरवायची नाही.” भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोलले नाही. माझ्या बोलण्याची गरजच नव्हती. आजीने मात्र शेवटचा प्रयत्न केला, “आणि लग्नाचं?” वहिनी म्हणाल्या, “दोन वर्षांनी पण मुहूर्त असतात, आत्या.”

मुलगी गेली. वसतिगृहाच्या यादीत नाव लागेपर्यंत ओळखीच्या एका कुटुंबात राहिली. पहिले पंधरा दिवस तिचाही फोन ‘मजेत आहे’ एवढाच असायचा. वहिनींना मात्र ती बीडची मुलगी आठवत होती, म्हणून त्यांनी सरळच विचारलं, “रडतेस का गं?” पलीकडून हुंदका आला. वहिनी म्हणाल्या, “रड. महिनाभर चालतं म्हणे.” दिवाळीला पोरगी घरी आली, ती आमच्या तालुक्याचा मोठा नकाशा घेऊन. त्यावर आमचं गाव आहे. तो आता त्यांच्या ओसरीवर, देवाच्या कॅलेंडरशेजारी लावलाय.

आणि माझं म्हणाल, तर मीही मुक्त विद्यापीठाच्या एम.ए. मराठीचा अर्ज भरलाय. अर्जाला पदवी प्रमाणपत्राची झेरॉक्स लागते. त्या निमित्ताने ती प्लास्टिकची पिशवी इतक्या वर्षांनी कपाटातून बाहेर आली. शालूखाली पुन्हा ठेवली नाही.